पुण्याहून गोव्यास सायकलीने : वाट कोणती धरावी?



या व्याख्यानमालेत वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत अनेक विषयांवर विद्वानांनी आपणांस शहाणे केले आहे. त्या मानाने माझा विषय अगदीच रस्त्यावरचा आहे. पंधरावीस माणसे सायकलीवर बसून पुण्याहून गोव्यास निघाली, मागे सामान आणि शिदोरी घेऊन एक टेम्पो चालला, तर त्यांनी कोणत्या वाटेने जावे, एवढाच प्रश्न मी आज घेतला आहे. प्रश्न लहान आहे. पण तो चुकीचा सोडविला तर काय होते हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ती हकीकत पुढे येईलच.

थंडी पडू लागली की आपल्या गावात कोठे ना कोठे हा बेत शिजतो. चहाच्या टेबलावर नकाशा उघडला जातो. एकजण म्हणतो, समुद्राच्या कडेने जाऊ. दुसरा म्हणतो, छे, हमरस्ता सरळ आहे. तिसरा ताम्हिणी घाटाचे गुणगान करतो. शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याची वाट ठरते. ही पद्धत मला मान्य नाही. वाट ठरविण्याला काही हिशेब आहे, आणि तो कोणासही करता येण्याजोगा आहे.

प्रथम सफरीचे प्रकार नीट वेगळे केले पाहिजेत. सायकलीवरून लांब जाण्याच्या तीन तऱ्हा आहेत. पहिली तऱ्हा एकट्याच्या किंवा दोघा-तिघांच्या मुशाफिरीची. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीने जगप्रवासास निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सत्तर हजार किलोमीटरांच्या वर मजल मारून १९२८ साली परतले. त्यांच्या मागे टेम्पो नव्हता. वाळवंट आले तर वाळवंट आणि जंगल आले तर जंगल, हीच त्यांची वाट. दुसरी तऱ्हा वेळेशी झुंजण्याची. 'ब्रेव्हे' नावाने ओळखल्या जाणाऱ्या सफरींत २०० किलोमीटरांना साडेतेरा तास, ६०० किलोमीटरांना ४० तास अशी मुदत असते, आणि ठरावीक ठाण्यांखेरीज वाटेत मोटारीची मदत घेतली तर स्वार बाद होतो. तेथे माणूस आपल्या बळावर जातो आणि आपल्या हिमतीवर थांबतो.

आपला विचार आहे तो तिसऱ्या तऱ्हेचा. येथे माणसे पुष्कळ, दिवस पुष्कळ, आणि सामान वाहणारे वाहन बरोबर. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९७३ पासून अशी एक सफर दर उन्हाळ्यात निघते. दोन वृत्तपत्रकारांनी ती सहज म्हणून सुरू केली आणि आज हजारो माणसे तीत सामील होतात. तिची वाट दर वर्षी बदलते आणि ती कित्येक महिने आधी जाहीर होते, कारण मुक्कामाच्या गावांना तयारी करावी लागते. परंतु इतक्या दूर कशाला जावयाचे? आपल्याकडे हे शास्त्र शेकडो वर्षे चालत आले आहे. आळंदीची पालखी पंढरीस निघते तेव्हा मुक्काम कोठे, विसावा कोठे, हे आधी ठरलेले असते. दिंडीचा ट्रक पुढे जाऊन राहुट्या ठोकतो, चूल पेटवितो. वारकरी पायी मागून येतात. वाट वारकऱ्याच्या पायांना झेपेल अशी आणि मुक्काम पाण्याच्या सोयीचा, हे त्यातले सूत्र. लाखो माणसांना जे सूत्र पुरते ते वीस सायकलवाल्यांना पुरावयास हरकत नसावी.

आता पुण्याहून गोव्यास जाण्याच्या वाटा पाहू. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, पणजी समुद्राच्या काठी. म्हणजे कोठे तरी सह्याद्री उतरावा लागणार, हे उघड आहे. तो कोठे उतरावयाचा यावरच वाट ठरते.

पहिली वाट देशावरची. सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, निपाणी असे हमरस्त्याने जावयाचे, तेथून आजऱ्यावरून आंबोली गाठावयाची, आणि आंबोलीच्या घाटाने सावंतवाडीस उतरून बांद्यावरून गोव्यात शिरावयाचे. अंतर सुमारे साडेचारशे किलोमीटर. पाच दिवसांत सहज होते. चढ म्हणाल तर कात्रज आणि खंबाटकी हे दोन ठसठशीत. एरवी रस्ता लाटेसारखा वरखाली होतो इतकेच. उतार एकच, शेवटचा. आंबोली सुमारे सातशे मीटर उंचीवर आहे आणि तेथून खाली यावयास तासभर पुरतो.

या वाटेचा गुण असा की टेम्पोला ती फार सोयीची आहे. दर काही किलोमीटरांवर गाव, उपाहारगृह, औषधाचे दुकान, सायकल दुरुस्तीवाला. अपघात झाला तर जवळपास मोठे रुग्णालय सापडते. दोष असा की हमरस्त्यावर मोटारी आणि मालट्रक अखंड धावत असतात. दिवसभर कानाशी तो घरघराट आणि अंगावर येणारा वाऱ्याचा झोत माणसाला चढापेक्षा जास्त थकवितो. शिवाय मधे दुभाजक असल्यामुळे मागे राहिलेल्या स्वाराकडे टेम्पोला वळून जाणे अवघड पडते. पुढचा फाटा गाठून पलीकडच्या बाजूने परत यावे लागते.

दुसरी वाट कोकणातल्या हमरस्त्याची. पौड, मुळशी, ताम्हिणी असे करून माणगावास उतरावयाचे आणि तेथून महाड, पोलादपूर, खेड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, कणकवली, कुडाळ असे थेट दक्षिणेस जावयाचे. १९२१ साली सेनापती बापटांनी ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला त्या मुळशीच्या जलाशयाच्या काठाने हा रस्ता जातो. पहिला दिवस इतका रम्य असतो की पुढच्या दिवसांची कोणास काळजी वाटत नाही. अंतर साडेपाचशे किलोमीटरांच्या जवळपास. दिवस सहा.

परंतु माणगावपासून पुढे हा मुंबई-गोव्याचा रस्ता आहे, हे विसरता कामा नये. त्याचे रुंदीकरण २०११ च्या सुमारास सुरू झाले आणि एका तपाहून अधिक काळ रेंगाळले. झालेल्या भागात मोटारी भरधाव जातात, न झालेल्या भागात खडी आणि धूळ. कशेडीच्या डोंगरात आता बोगदे झाले आहेत. सायकलवाल्याने बोगद्यात शिरण्याचा मोह धरू नये. जुना घाट चढावा, तास जास्त लागला तरी चालेल. आणि पावसाळ्यात तर या वाटेचा विचारच नको. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एस. टी.च्या दोन गाड्या गेल्या, हे आपण विसरलेलो नाही. कोकणातल्या नद्या आखूड आणि उताराच्या आहेत. पाणी चढावयास त्यांना दिवस लागत नाही, तास पुरतात.

तिसरी वाट सागराच्या कडेची, आणि नकाशावर बोट ठेवताच मन जिच्यावर जाते ती हीच. माणगावहून म्हसळ्यावरून हरिहरेश्वर. बागमांडल्याला फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडावयाची. मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली, दाभोळ. दाभोळला पुन्हा फेरीबोट. पलीकडे धोपावे, गुहागर. तवसाळहून तिसरी फेरीबोट, ती जयगडास पोचविते. पुढे केशवसुतांचे मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. तेथून पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, शिरोडा, रेडी, आणि तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. अंतर सहाशे किलोमीटरांच्या आसपास. दिवस सात तरी हवेत. खाड्यांवर पूल बांधण्याची कामे हाती घेतलेली आहेत; तेव्हा निघण्यापूर्वी कोठे फेरीबोट आहे आणि कोठे पूल झाला, याची चौकशी करावी.

आता येथे एक मोठा भ्रम आहे, आणि तो दूर करणे हे माझ्या आजच्या बोलण्याचे मुख्य काम आहे. समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, असे आपण मनाशी धरून चालतो. समुद्राची पातळी एकच, मग त्याच्या काठचा रस्ताही एका पातळीत असावयास हवा, असा हा तर्क. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. सह्याद्रीचे फाटे पश्चिमेकडे समुद्रापर्यंत पोचतात आणि त्यांच्यामधून नद्या खाड्यांच्या रूपाने समुद्रास मिळतात. रस्ता उत्तर-दक्षिण चालला आहे आणि डोंगराचे फाटे व खाड्या पूर्व-पश्चिम पसरल्या आहेत. म्हणजे रस्ता प्रत्येकाला आडवा छेदतो. खाडीच्या काठी शून्यावर यावयाचे, पलीकडे जांभ्या दगडाच्या सड्यावर शंभर-दीडशे मीटर चढावयाचे, सडा ओलांडून पुन्हा शून्यावर. देशावरच्या घाटाला इंग्रजांच्या अमदानीत बैलगाड्या आणि तोफा न्यावयाच्या होत्या, म्हणून तो वळणे घेत हळूहळू चढतो. कोकणातला गावरस्ता तसा नाही. तो खाडीवरून सरळ छातीवर घेतल्यासारखा वर जातो. असे पाच-सहा चढ एका दिवसात होतात.

याचा हिशेब आपण मांडू. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो वजन धरा. ते १०० मीटर वर उचलावयास सुमारे ९० हजार जूल ऊर्जा लागते. आपल्यासारखा बेताच्या ताकदीचा माणूस दिवसभर टिकेल अशा बेताने १०० वॅट शक्ती लावू शकतो. म्हणजे या चढाला ९०० सेकंद, अर्थात पाव तास लागला. त्याच पाव तासात सपाटीवर ताशी २० किलोमीटरांच्या वेगाने तो पाच किलोमीटर गेला असता. चढाच्या रस्त्याची लांबी दोन किलोमीटर असेल तर तेवढी वजा करू. निव्वळ तोटा तीन किलोमीटरांचा. उतारावर काही परत मिळते हे खरे, पण कोकणातल्या अरुंद वळणांवर ब्रेक धरूनच उतरावे लागते, त्यामुळे ते फारसे हिशेबात धरू नये. थोडक्यात नियम असा : दर १०० मीटर चढास तीन किलोमीटर जादा मोजावेत.

हा नियम लावला की नकाशा बोलू लागतो. सागरी वाटेवरचा ७० किलोमीटरांचा दिवस, त्यात ७०० मीटरांची चढण, म्हणजे तो ९१ किलोमीटरांचा दिवस झाला. देशावर कऱ्हाडहून कोल्हापूर ७५ किलोमीटर. तेथे चढण थोडी, म्हणून तो ८० च्या आतच राहतो. ज्याने नुसते किलोमीटर मोजले तो म्हणणार, सागरी दिवस सोपा. हल्ली हातातल्या फोनवर चढउताराचा आलेख क्षणात दिसतो. तो न पाहता बेत करणे म्हणजे पंचांग घरात असून मुहूर्त शेजाऱ्याला विचारण्यासारखे आहे.

आम्ही हीच चूक केली. काही वर्षांपूर्वी आम्ही अठराजण सागरी वाटेने निघालो. वाट मी सुचविली होती, किलोमीटर मी मोजले होते. तिसऱ्या दिवशी दापोलीहून निघून संध्याकाळी गणपतीपुळ्यास पोचावयाचे होते. मधे दोन फेरीबोटी. आमच्यात एक एकसष्ट वर्षांचे गृहस्थ होते. नोकरीतून निवृत्त झालेले, रोज सकाळी वीस किलोमीटर सायकल चालविणारे, अबोल. आम्ही सर्व त्यांना 'काका' म्हणत असू. काका पहिल्या दिवसापासून मागे राहत होते. त्यांना आम्ही टेम्पोत बसण्याविषयी सुचविले की ते हसून मान हलवीत. आमच्यातल्या एकाने पहिल्या रात्री जेवताना टेम्पोला 'रुग्णवाहिका' म्हटले होते आणि सर्व हसले होते. मीही हसलो होतो.

त्या दिवशी तवसाळच्या धक्क्यावर पुढचे स्वार पोचले तेव्हा बोट लागलेली होती. टेम्पोत जेवण होते. जेवण पुढे जाऊन तयार राहिलेले बरे, असे म्हणून मी टेम्पो बोटीवर चढविला आणि आम्ही पलीकडे गेलो. काका आणि त्यांच्याबरोबर एक तरुण मुलगा गुहागरकडच्या सड्यावर मागे होते. दुपारचा एक वाजला होता. सड्यावर झाड नसते. काळा कातळ आणि वाळलेले गवत. मुलाच्या सायकलीची ट्यूब गेली म्हणून तो थांबला, आणि काका म्हणाले, मी हळूहळू पुढे होतो. मुलाने पंक्चर काढून चार वळणे ओलांडली तेव्हा काका रस्त्याच्या कडेला सायकलीखाली पडलेले होते. शुद्ध अर्धवट, आणि बोलणे तुटक. फोनला पट्टा नव्हता. मुलगा धावत खालच्या वाडीत गेला. तेथल्या एका बाईने हंडाभर पाणी आणले, पदर भिजवून त्यांच्या मानेला लावला, आणि वाडीतल्या रिक्षाने त्यांना आरोग्य केंद्रात पोचविले. ही सर्व हकीकत आम्हांला पलीकडच्या तीरावर दोन तासांनी कळली. आम्ही तोवर जेवून बसलो होतो.

काका वाचले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. जाताना ते मला म्हणाले, "तुमची काही चूक नाही. मीच बसावयास हवे होते." हे वाक्य ते चांगुलपणाने बोलले, पण ते खरे नव्हते. चूक माझी होती, आणि ती तीन ठिकाणी झाली होती. वाट निवडताना मी पहिल्या स्वाराच्या ताकदीने दिवस मोजले. खाडीवर टेम्पो मी पुढे काढला. आणि त्या पहिल्या रात्री मी हसलो. काका नंतरही सकाळची सायकल चालवीत राहिले. लांबच्या सफरीस मात्र ते पुन्हा आले नाहीत.

या तीन चुकांतूनच मला पुढचे सर्व नियम मिळाले आहेत, म्हणून ते क्रमाने सांगतो.

पहिला नियम : वाट शेवटच्या स्वारासाठी निवडावी. वीसजणांच्या तांड्यात एखादा ताशी २२ किलोमीटरांनी जातो, एखादा १४ ने. चार तासांत पहिला ८८ किलोमीटर गेला, शेवटचा ५६. दोघांत ३२ किलोमीटरांचे अंतर पडले. एक टेम्पो दोन टोकांना एकाच वेळी असू शकत नाही. तेव्हा दर वीस-पंचवीस किलोमीटरांवर थांबण्याचे ठिकाण हवे आणि सर्व आल्याखेरीज पुढचा कोणी हलावयाचा नाही, अशी शिस्त हवी. याहून सोपा उपाय म्हणजे मंद स्वारांनी पहाटे तास-दीड तास आधी निघावे. मग दुपारी दोघे एकत्र पोचतात, आणि कोणास कोणाची वाट पाहावी लागत नाही. दिवसाच्या शेवटी एक जाणता स्वार पिछाडीस ठेवावा. त्याच्या मागे कोणी असता कामा नये.

दुसरा नियम वाहनाविषयी : टेम्पोने खाडी सर्वांत शेवटी ओलांडावी. स्वाराला फेरीबोट म्हणजे दहा-पंधरा मिनिटांचा आराम. पण वाहनाची शेवटची बोट चुकली तर दाभोळसारख्या ठिकाणी शंभराहून अधिक किलोमीटरांचा वळसा पडतो आणि स्वार एका काठावर, अंथरुणे दुसऱ्या काठावर, अशी रात्र काढावी लागते. जेवण पुढे हवे आणि मदत मागे हवी, हे एका वाहनाने साधत नाही. म्हणून सागरी वाटेला दोन वाहने घ्यावीत : एक जेवणाचे, एक पिछाडीचे. देशावरच्या वाटेला एक पुरते. वर्गणीचा आकडा ठरविताना हा फरक लक्षात घ्यावा. पुष्कळ वेळा वाटेचा निर्णय येथेच होतो, आणि तो येथे झालेला काही वाईट नाही.

तिसरा नियम उन्हावाऱ्याचा. सफर डिसेंबर-जानेवारीत करावी. दिवस तेव्हा अकरा तासांचा असतो. उजाडता निघावे आणि कोकणात बारा ते तीन सावलीत बसावे. देशावर हवा कोरडी, घाम वाळतो आणि अंग थंड होते. कोकणात हवा दमट, घाम निथळतो पण वाळत नाही, त्यामुळे तेच तपमान जास्त बाधते. नुसते पाणी पिऊन भागत नाही. मीठ-साखरेचे पाणी किंवा कोकमाचे सरबत मीठ घालून तास-तासाने घ्यावे. वारा मात्र कोकणात मित्र आहे. सकाळी जमीन थंड म्हणून तो जमिनीकडून येतो. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून येतो, आणि या ऋतूत तो बहुधा वायव्येचा असतो. दक्षिणेस जाणाऱ्याच्या तो पाठीशी पडतो. म्हणून गोव्यास सायकलीने जावे आणि परत येताना सायकली टेम्पोत किंवा कोकण रेल्वेच्या सामानाच्या डब्यात घालून यावे.

चौथा नियम उतारांचा. लोक घाट चढण्याला भितात; अपघात होतात ते उतरताना. ९० किलो वजन ६०० मीटर खाली येते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते ती दीड लिटर पाण्याला आधण आणील इतकी असते. वाऱ्याने त्यातली काही खाल्ली तरी उरलेली सर्व ब्रेकांत जाते. ब्रेक सतत धरून ठेवला तर रिम तापते, ट्यूब फुटते. ब्रेक धरावा, सोडावा, पुन्हा धरावा. आणि घाटाच्या मध्यावर सर्वांनी थांबून चाके निवू द्यावीत. निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक सायकलीचे ब्रेक तपासले नसतील त्या तांड्याने घाट उतरू नये.

आता आपण विचाराल, मग वाट कोणती? तिन्ही वाटांना तुम्ही नावे ठेवली. श्रोतेहो, एकच वाट धरली पाहिजे असे कोठे लिहिले आहे? देशाचा सोपेपणा आणि सागराची शोभा यांची सांगड घालता येते. काकांनंतरच्या वर्षापासून आम्ही जी वाट धरतो ती सांगतो आणि मी रजा घेतो.

पहिल्या दिवशी हमरस्ता सोडून दिवे घाटाने सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद. सुमारे ७५ किलोमीटर. ही पालखीचीच वाट. दिवे घाट पहिल्याच सकाळी येतो ते बरे. कोणाचा दम किती हे पुण्याच्या जवळच कळते, आणि ज्याला परत फिरावयाचे त्याला फिरता येते. दुसऱ्या दिवशी सालपे घाटाने वाठार, सातारा आणि कृष्णेच्या खोऱ्यातून कऱ्हाड, सुमारे १०० किलोमीटर. तिसऱ्या दिवशी कोल्हापूर, ७५ किलोमीटर. दुपारनंतर विश्रांती आणि सायकलींची डागडुजी. साताऱ्यापासून कोल्हापुरापर्यंत हमरस्ता टळत नाही. तेथे बाजूचा सेवारस्ता जेथे असेल तेथे तोच धरावा. चौथ्या दिवशी राजर्षी शाहू महाराजांनी बांधावयास घेतलेल्या राधानगरीच्या धरणावरून, दाजीपूरच्या रानातून फोंडा घाट उतरून कणकवली, सुमारे ११० किलोमीटर. हा सर्वांत लांब दिवस. पण तोवर पाय बसलेले असतात आणि शेवट उताराचा आहे. पाचव्या दिवशी मालवण, जेमतेम ४५ किलोमीटर. दुपारी सिंधुदुर्ग पाहावा. सहाव्या दिवशी वेंगुर्ल्यावरून शिरोडे. १९३० चा मिठाचा सत्याग्रह येथला, आणि वि. स. खांडेकरांची शाळाही येथलीच. सातव्या दिवशी तेरेखोल ओलांडून पणजी. एकूण सव्वापाचशे किलोमीटरांच्या आसपास. समुद्र तीन दिवस मिळतो, तोही ताज्या पायांनी. आणि तिन्ही मोठ्या फेरीबोटी टळल्यामुळे वाहन एकच पुरते. ज्यांच्याजवळ सहाच दिवस आहेत त्यांनी कोल्हापुराहून आंबोलीने उतरावे. समुद्र कमी दिसेल, बाकी काही बिघडणार नाही.

राहता राहिली माझी तिसरी चूक, हसण्याची. तिच्यावर नकाशात उपाय नाही. आम्ही एक रिवाज घातला आहे. रोज एक पल्ला, वीस-पंचवीस किलोमीटरांचा, दोघांनी टेम्पोत बसावयाचे. पाळीपाळीने, सर्वांनी, धडधाकटांनीसुद्धा. बसणाऱ्याने भाजी चिरावी, पाणी भरावे, मागच्यांस हाका माराव्यात. पहिल्या दिवशीची पहिली पाळी म्होरक्याची. गेली कित्येक वर्षे दिवे घाटाच्या माथ्यावर, सर्वांच्या देखत, मी माझी सायकल टेम्पोवर चढवितो आणि सासवडपर्यंत कांदे सोलत जातो. तेव्हापासून आमच्यात टेम्पोला कोणी वेडेवाकडे नाव ठेवीत नाही, आणि ज्याला बसावेसे वाटते तो बसतो.

येत्या मार्गशीर्षात आपल्यापैकी कोणी निघणार असतील तर त्यांनी नकाशा उघडण्यापूर्वी आपल्यातला सर्वांत मंद स्वार कोण, हे आधी मनाशी ठरवावे. मग त्याला शेजारी बसवून घ्यावे, आणि वाटेवर पहिले बोट त्याला ठेवू द्यावे.